राशीभोवती दोरी

ट्युटोरियलच्या वहीत माझं उत्तर होतं, ‘व्ही बरोबर अधिक किंवा उणे २०’. सरांनी त्यातल्या उणे २० भोवती लाल गोल काढला होता. वह्या परत देताना त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, “इंजिनाचा वेग उणे वीस म्हणजे काय रे?”

मला सांगता आलं नाही. गणित माझं नव्हतंच. आदल्या रात्री साडेबाराला रूम पार्टनरच्या वहीतून उतरवलेलं, आणि त्यानं ते जुन्या स्कीमच्या, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाच्या, एका सीनियरच्या वहीतून उतरवलेलं. प्रश्न असा होता : एका इंजिनाचा काम करण्याचा दर १० व्ही अधिक ४००० भागिले व्ही इतका आहे, व्ही म्हणजे वेग. कोणत्या वेगाला हा दर सर्वांत कमी असेल? सर रागावले नाहीत. “बस खाली,” एवढंच म्हणाले आणि पुढची वही उचलली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

हे २०१८ च्या फेब्रुवारीतलं. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो, दुसरं सेमिस्टर. दहावीपर्यंतची शाळा मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावात, मराठी माध्यमात. गणितात ९१ मार्क. शंकू, वृत्तचिती, परिमिती, घनफळ हे माझे घरचे शब्द होते. कॉलेजात आल्यावर त्यांचे कोन, सिलिंडर, पेरिमीटर, व्हॉल्यूम झाले. तेवढं महिन्याभरात अंगवळणी पडलं. शब्दांनी मला फारसं अडवलं नाही, अडवलं ते वाक्यांनी. एका वाक्यात तार वाकवलेली असायची, त्याच वाक्यात आयत झालेला असायचा आणि वाक्य संपेपर्यंत क्षेत्रफळ जास्तीत जास्त कधी होईल असंही विचारून झालेलं असायचं. तीनदा वाचलं तरी हातात काही लागायचं नाही.

विषयाचं नाव अप्लाईड मॅथेमॅटिक्स. तंत्रशिक्षण मंडळाची आय-स्कीम नुकतीच लागू झाली होती, आमची पहिलीच बॅच. लेखी पेपर ७० गुणांचा, उरलेले ३० चाचण्यांचे आणि मायक्रोप्रोजेक्टचे. लेखीत निदान २८ तरी हवे होते. नुसतं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढा म्हटलं तर मी एका बैठकीत वीस काढायचो, सूत्रं तोंडपाठ होती. तेच गणित इंजिनाचं, तारेचं किंवा पाण्याच्या टाकीचं होऊन आलं की पेन थांबायचं.

मदत मिळवायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. शहरात एक क्लास लावला. साडेतीन हजार रुपये फी, तीही वडिलांनी दुधाच्या पगारातून दिली. तिथं जुन्या पेपरांतली हमखास येणारी उदाहरणं फळ्यावर भराभर सोडवून देत, आम्ही उतरवून घेत असू. ३६ सेंटिमीटरच्या तारेचा आयत करायचं उदाहरण चालू होतं, लांबी एक्स, रुंदी वाय. मी विचारलं, इथं वायच्या जागी १८ वजा एक्स का घातलं? उत्तर मिळालं, “असंच घालायचं असतं, पाठ करून टाक.” पाठ केलं. चाचणीत तारेची लांबी ३६ ऐवजी ५० आली आणि मी १८ वजा एक्सच लिहून आलो.

मोबाईलवर एक ॲपही घेतलं होतं. समीकरणाचा फोटो काढला की पुढच्या सगळ्या स्टेप्स दाखवायचं. मला त्याचा काहीच उपयोग झाला नाही आणि का झाला नाही हे कळायला बराच वेळ लागला. ॲपला समीकरण लागायचं. मी अडायचो ते समीकरणाच्या अलीकडं.

पहिल्या चाचणीत २० पैकी ६ मिळाले.

त्या वर्षी होळी १ मार्चला गुरुवारी होती, दुसऱ्या दिवशी धुळवड, मग शनिवार-रविवार. चार दिवस घरी गेलो. पुस्तकं नेली होती, पण ती उघडायची इच्छा नव्हती. आई म्हणाली, वाच काहीतरी, म्हणून सोप्यात वही पुढ्यात घेऊन बसलो.

आमचं घर एकत्र. चुलतभावाचं लग्न आदल्या वर्षी मे महिन्यात झालेलं. वहिनी पंढरपूरच्या बाजूच्या. त्या शिकलेल्या आहेत एवढं माहीत होतं. काय शिकलेल्या आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं. याची मला आजही खंत वाटते. त्या पुरणाचं पातेलं घेऊन सोप्यातून चालल्या होत्या, वहीकडं नजर गेली आणि थांबल्या.

“भावजी, मॅक्झिमा-मिनिमा आहे ना हे?”

मी मान वर करून बघतच राहिलो. बी.एस्सी. झालेल्या होत्या त्या, गणित घेऊन. एम.एस्सी.चा फॉर्म भरला होता, तेवढ्यात लग्न ठरलं. हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, जसं पाऊस आला म्हणून वाळवण आत घेतलं असं सांगावं. पातेलं आत ठेवून, पदराला हात पुसत परत आल्या आणि म्हणाल्या, “वाचा बघू मोठ्यानं.”

मी वाचलं. छत्तीस सेंटिमीटरच्या तारेचं तेच उदाहरण.

“आता मराठीत सांगा.”

मी शब्दाला शब्द लावायला लागलो. त्यांनी थांबवलं. “तसं नाही. आजीला सांगायचं असेल तर कसं सांगाल?”

आजी तिथंच कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली. मी तिच्याकडं बघून म्हणालो, “एक तार आहे, एक हात लांबीलाही कमी. ती वाकवून चौकट करायची. लांबोडकी करा, बुटकी करा, कशीही. पण तार तेवढीच. तर आत जास्तीत जास्त जागा कशी मावेल?” आजी म्हणाली, “चारी बाजू सारख्या धरायच्या की मग.” वहिनी हसल्या. “उत्तर आजींनी सांगितलं. आता ते तसंच का, तेवढं आपण शोधू.”

त्यांनी सुतळी आणली, माझ्या पट्टीनं ३६ सेंटिमीटर मोजून कापली आणि टोकं बांधली. दोन कोपऱ्यांत माझी बोटं, दोन कोपऱ्यांत त्यांची. आधी लांबी १७, रुंदी १. सुतळीच्या दोन रेघा जवळजवळ चिकटल्या. क्षेत्रफळ १७. मग १४ आणि ४, क्षेत्रफळ ५६. मग १२ आणि ६, ७२. मग १० आणि ८, ८०. मग ९ आणि ९, ८१. मग ८ आणि १०, पुन्हा ८०. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, “लांबी मी ठरवली. रुंदी कुणी ठरवली?” तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, “सुतळीनं.” सुतळी संपेल तेवढीच रुंदी. लांबी एक्स असेल तर रुंदीला १८ वजा एक्स होण्यावाचून गत्यंतर नाही. क्लासमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते एवढंच होतं.

मग त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. “१७ वरून ५६, केवढी मोठी उडी. ७२ वरून ८० लहान. ८० वरून ८१ अगदीच लहान. मग उतरण. मध्ये एक ठिकाण असं आहे जिथं चढणं थांबलंय आणि उतरणं सुरू व्हायचंय. तिथं डेरिव्हेटिव्ह किती?” मी म्हणालो, “शून्य.” ‘डेरिव्हेटिव्ह शून्य घ्या’ ही ओळ मी तोवर निदान शंभरदा लिहिली असेल. तिचा अर्थ मला त्या दिवशी जमिनीवर पडलेल्या सुतळीत दिसला.

पोळ्या लाटायला हाक आली म्हणून त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, “इंजिनाचं तुम्हीच करा. उत्तर नको मला. व्ही दहा धरला तर किती येतं, वीस धरला तर किती, चाळीस धरला तर किती, एवढं सांगा.”

मी केलं. दहाला १०० अधिक ४००, म्हणजे ५००. वीसला २०० अधिक २००, म्हणजे ४००. चाळीसला ४०० अधिक १००, पुन्हा ५००. वेग वाढवला की पहिलं पद वाढतं, दुसरं घटतं. वीसवर दोघं बरोबरीला येतात आणि तिथंच बेरीज सर्वांत कमी होते. आणि उणे २० बीजगणितातून वर्गमुळाबरोबर आपोआप आलेलं होतं, इंजिनातून नव्हे. समीकरणाला उणे वेग चालतो. प्रश्नातल्या इंजिनाला चालत नाही, म्हणून तो आपणच काढून टाकायचा आणि का काढला ते लिहायचं. सरांनी नेमकं हेच विचारलं होतं.

शनिवारी आमच्या रानात मळणी होती. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध, मालदांडी. ट्रॅक्टरला मशीन जोडलेलं, कणसं एका बाजूनं टाकायची, दाणे दुसऱ्या बाजूनं ताडपत्रीवर पडायचे. वहिनी सगळ्यांची न्याहारी घेऊन आल्या होत्या. मी सावलीत बसून सरांनी हौसेनं दिलेल्या जादा उदाहरणांचा कागद बघत होतो. त्यातलं एक असं : नळीतून वाळू सेकंदाला १२ घन सेंटिमीटर वेगानं पडते आहे, तिचा शंकूसारखा ढीग होतो आहे, ढिगाची उंची नेहमी तळाच्या त्रिज्येच्या एक षष्ठांश असते. उंची ४ सेंटिमीटर असताना ती किती वेगानं वाढत असेल?

मी वहिनींना म्हणालो, “उंची नेहमी एक षष्ठांश कशी राहील? हे काहीतरी मनानं ठरवून दिलेलं आहे.”

त्यांनी काही न बोलता मशीनकडं बोट केलं. दाणे धो धो पडत होते आणि रास वाढत होती. टोकावर दाणे साचायचे, जरा उंच व्हायचे आणि कडेनं घरंगळून खाली जायचे. मी लहानपणापासून राशी बघत आलोय, पण कधी असं बघितलं नव्हतं. दाण्यांना ठरावीक उतारापेक्षा जास्त उभा उतार सोसत नाही, घसरतात. त्यामुळं रास कितीही मोठी झाली तरी तिचा उतार तोच राहतो. उतार तोच म्हणजे उंची आणि त्रिज्येचं गुणोत्तर तेच.

“मोजू या?” त्या म्हणाल्या.

गड्याला राशीला खोरं लावू नको म्हणून सांगितलं. चपला बाजूला काढल्या, कारण राशीजवळ पायताण गेलेलं आजीला खपत नाही. बैलाची दोरी राशीच्या तळाभोवती फिरवली, ती भरली ५ मीटर. घेराला पायच्या (π, म्हणजे ३.१४ च्या) दुपटीनं भागलं की त्रिज्या, साधारण ८० सेंटिमीटर. उंचीसाठी काठी आडवी धरून टोकाच्या पातळीतून खाली मोजलं, ४० सेंटिमीटर. आणखी पोती पडू दिली. पुन्हा दोरी फिरवली, साडेसात मीटर. त्रिज्या ११९ सेंटिमीटर. उंची ५८. दोन्ही वेळा उंची त्रिज्येच्या जवळजवळ निम्मी. तंतोतंत नाही, वारा होता आणि ताडपत्रीखाली जमीनही उंचसखल होती. पण निम्मीच.

आबा, म्हणजे माझे चुलते, लांबून ओरडले, “काय मोजायलाय रे दोघं राशीला? दृष्ट लागंल.” वहिनींनी पदर सावरला, पण दोरी सोडली नाही. तेवढ्यात मी घनफळं काढली. पहिल्या वेळची रास सुमारे पाव घनमीटर, दुसऱ्या वेळची पाऊण घनमीटरच्याही वर. मी आबांना जाऊन विचारलं, मघाशी किती पोती होती आणि आत्ता किती. ते नजरेनंच म्हणाले, “मघाशी दोन. आता सहा तरी भरतील.” म्हणजे उंची वाढली फक्त १८ सेंटिमीटर आणि धान्य झालं तिप्पट. मशीन सारख्याच वेगानं दाणे टाकत असूनही रास दिसायला मंदावत जाते, कारण आलेला दाणा अधिकाधिक मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. आबांना हे ठाऊकच होतं. मला ते आता समीकरणात दिसत होतं.

मग झाडाखाली बसून वाळूचं गणित केलं. उंची एच, त्रिज्या आर. त्रिज्या उंचीच्या सहापट, म्हणजे ६ एच. घनफळ एक तृतीयांश पाय आर वर्ग एच. आरच्या जागी ६ एच घातलं की होतं १२ पाय एच घन. इथं मी नेहमीची चूक केली. एचच्या जागी लगेच ४ घातले, घनफळाचा एक आकडा आला, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणजे रास वाढतच नाही.

वहिनी म्हणाल्या, “तुम्ही आधी फोटो काढला आणि मग विचारताय की फोटोतला बैल किती वेगानं चालतो.”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आधी बैल चालू द्यायचा, म्हणजे आधी अवकलन, डेरिव्हेटिव्ह काढणं. मग ज्या क्षणाबद्दल विचारलंय तो क्षण पकडायचा. ३६ पाय एच वर्ग गुणिले उंचीचा वेग बरोबर १२. आता एच ४. उंचीचा वेग आला १ भागिले ४८ पाय, म्हणजे सेकंदाला सेंटिमीटरचा सुमारे दीडशेवा भाग. वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितली नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या ‘तात्कालिक’ गतीचा विचार केलाय. दिवसभराची गती वेगळी आणि या क्षणाची वेगळी. तात्कालिक हा शब्द आम्ही तलाठ्याच्या कामात ‘तात्काळ’ म्हणून वापरायचो. या क्षणाच्या गतीसाठी आपल्याकडं इतका जुना शब्द आहे याचा मला फार आनंद झाला.

रविवारी निघताना वहिनींनी अट घातली. अडलं की फोटो पाठवायचा, पण नुसत्या प्रश्नाचा नाही. कागदावर तीन गोष्टी हव्यात : प्रश्न आपल्या मराठीत, चित्र, आणि ‘इथवर आलो, इथं अडलो’ अशी एक ओळ. तिसरी गोष्ट नसेल तर त्या फोन करणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात मी चार फोटो पाठवले. दोनांना उत्तरच आलं नाही, कारण मी ‘काहीच समजलं नाही’ असं लिहिलं होतं. मला राग आला. मग त्याच कागदावर चित्र काढायला बसलो, आकडे चित्रावर लिहिले, आणि नक्की कुठं अडलोय हे लिहिण्यासाठी शोधायला गेलो तर दोनपैकी एक गणित त्या शोधातच सुटलं. पुढं हे वरचेवर व्हायला लागलं. कित्येक फोटो काढलेच नाहीत, कारण तिसरी ओळ लिहिता लिहिता रस्ता दिसायचा.

फोन रात्री साडेनऊनंतर, त्यांची भांडी आवरल्यावर. सुरुवातीला काकूंना ते रुचलं नाही. नव्या सुनेनं रात्री फोनवर काय बोलत बसायचं, असं त्या आईजवळ म्हणाल्या. वहिनींनी वाद घातला नाही. फोन स्पीकरवर टाकून सोप्यात सगळ्यांत बसून बोलायला लागल्या. काकू मटकी निवडत ऐकायच्या. आठवड्याभरानं एकदा माझं गणित चुकलं तेव्हा मागून काकूंचाच आवाज आला, “अगं, त्याला पुन्हा सांग, घाई करतोय तो.”

रेडियस ऑफ कर्व्हेचर मात्र फोनवर काही केल्या डोक्यात शिरेना. सूत्र येत होतं, पण वक्ररेषेला त्रिज्या कशी असेल? वर्तुळाला असते. वहिनी म्हणाल्या, “मेसमधली वाटी आणि ताट घ्या.” त्यांनी सांगितल्याप्रमाणं आलेख कागदावर वाय बरोबर एक्स वर्ग भागिले १० असा पॅराबोला काढला, एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. सूत्रानं तळाशी त्रिज्या येते ५, आणि एक्स ५ असतो तिथं १४ च्या जरा वर. वाटी मोजली, व्यास १० सेंटिमीटर. पॅराबोलाच्या तळात ठेवली तर काठ रेषेला असा चिकटला की मधे फट दिसेना. तीच वाटी वर सरकवली तर बसेना, तिथं रेष सरळ होत चाललेली. मग ताट घेतलं, व्यास २८. एक्स ५ पाशी ते बसलं. रूममधले तिघंही येऊन बघून गेले. रेषेच्या प्रत्येक ठिकाणी कुठलं ना कुठलं भांडं बसतं आणि त्या भांड्याची त्रिज्या म्हणजेच ती. वळणावर गाडी जितकी जास्त वळवावी लागते तितकं भांडं लहान.

याच धड्यात एक गणित वाकलेल्या बीमचं, म्हणजे तुळईचं, होतं. रेषा २ साइन एक्स वजा साइन २ एक्स, आणि एक्स बरोबर पाय भागिले २ ला त्रिज्या काढायची. पहिलं डेरिव्हेटिव्ह २, दुसरं उणे २, आणि त्रिज्या उणे ५.५९. पुस्तकात उत्तर नुसतं ५.५९. मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या, तिसरी ओळ : उणे चिन्ह कुठं गेलं? वहिनींचा फोन आला. “चिन्ह मीही सोडूनच द्यायची, पण का सोडायचं ते मला नीट सांगता येणार नाही. सरांना विचारा.”

सरांसमोर जायचं म्हणजे मला तो लाल गोल आठवला. दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात कागद घेऊन उभा राहिलो. सरांनी कागद बघितला, मराठीत लिहिलेला प्रश्न वाचला, चित्र बघितलं, खालची ओळ वाचली आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. म्हणाले, त्रिज्या ही लांबी, ती धनच सांगायची. पण उणे चिन्ह वाया घालवू नकोस, रेष खालच्या बाजूला वळतेय, म्हणजे वर फुगलीय, हे ते सांगतंय. पुढं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स या विषयात बीम मध्ये खाली बसला की सॅगिंग आणि वर फुगला की हॉगिंग, तिथं हेच चिन्ह कामाला येतं. चाळीस मिनिटं बसवून घेतलं त्यांनी. जाताना विचारलं, “हे असं लिहून आणायला कुणी शिकवलं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “त्यांना माझा नमस्कार सांग.” तो निरोप मी त्याच रात्री स्पीकरवर सगळ्यांसमोर सांगितला. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन हे पुढचे धडे तुलनेनं लवकर झाले. तोवर पद्धत बसली होती. मायक्रोप्रोजेक्टला आम्ही चौघांनी राशीचाच विषय घेतला : ज्वारी, गहू आणि चाळलेली वाळू कागदाच्या नरसाळ्यातून ओतून प्रत्येकाची उंची आणि त्रिज्या मोजली, प्रत्येकाचं गुणोत्तर वेगळं पण आपल्यापुरतं ठाम. १० पैकी ९ मिळाले. दुसऱ्या चाचणीत २० पैकी १७. मेमधल्या लेखी पेपरात ७० पैकी ५३. इंजिनाचं गणित पेपरात आलं नाही, तारेचं आलं.

परीक्षा संपवून घरी गेलो तेव्हा पुस्तक वहिनींसाठी बरोबर नेलं. तोवर त्यांनी माझ्या फोटोंवरून स्वतःची एक वही भरली होती. दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्यांनी ती आणून माझ्यापुढं ठेवली. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच रचलेलं एक गणित होतं. गावातल्या पिठाच्या गिरणीत दाणे ओततात तो वरचा पत्र्याचा डबा. वर चौकोनी, खाली निमुळता होत गेलेला. त्यातून दाणे एका लयीत खाली जातात, तर दाण्यांची पातळी अर्ध्यावर असताना ती किती वेगानं उतरत असेल? मापं त्यांनी गिरणीत जाऊन पट्टीनं घेतली होती. प्रश्न मराठीत, शेजारी नीट काढलेलं चित्र, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ : ‘इथवर आले. डब्याला खाली टोक नाही, भोक आहे. उंची भोकापासून मोजायची की आणखी कुठून? इथं अडले.’

“बघा भावजी, जमतंय का,” त्या म्हणाल्या.

मी वही जवळ ओढली, पेन्सिल घेतली आणि चित्रातल्या पत्र्याच्या दोन्ही तिरक्या रेघा भोकाच्या खाली वाढवत नेल्या, त्या कुठं मिळतात ते बघायला.